शून्य की निरंक? : एका फाइलचे वाचन

१

संमेलनांची सूची तयार करताना एक साधा प्रश्न अडला. ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन कोठे भरले? जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली ते भरले, तेव्हा त्या गावाचे अधिकृत नाव उस्मानाबाद होते. २०२३ पासून गावाचे आणि जिल्ह्याचेही अधिकृत नाव धाराशिव आहे. सूचीत काय लिहायचे? 'उस्मानाबाद' लिहिले तर आजचा वाचक नकाशात ते शोधत बसेल. 'धाराशिव' लिहिले तर २०२० मधील वृत्तपत्रांचे अंक चाळणाऱ्या अभ्यासकाला त्या नावाखाली फारसे काही सापडणार नाही. दोन्ही लिहिली तर मागच्या ९२ आणि पुढच्या सर्व नोंदींचा एकच साचा मोडतो.

नामांतर योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खान याच्या, नावावरून पडलेले नाव जाऊन लेण्यांमुळे आधीपासून परिचित असलेले नाव परत आले. तो इतिहास या अंकाच्या वाचकांना ठाऊक आहे. इथे प्रश्न नोंदीचा आहे. ज्या नोंदीवर इतरांची कामे उभी आहेत ती बदलायची वेळ आली, तर खरेही बोलायचे आणि त्या इतरांनाही खाली पाडायचे नाही, हे कसे साधते?

हा प्रश्न एका ठिकाणी तीस वर्षांहून अधिक काळ रोजच्या रोज सोडवला जातो आहे, आणि प्रत्येक उत्तर कोणी, केव्हा, कोणत्या कारणासाठी दिले याची नोंद कोणालाही वाचता येते. ते ठिकाण म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा, ज्याला 'कर्नेल' म्हणतात. वाचकांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन असेल तर हा कर्नेल तिथेही आहे. यंत्राची मेमरी किती, त्यातली वापरात किती, मोकळी किती, याचा हिशेब तो 'प्रॉक' नावाच्या कप्प्यातील 'मेमइन्फो' या फाइलमधून जगाला सांगतो. साहित्याच्या अंकात अशा फाइलचे वाचन करण्याचे कारण एवढेच, की ती साध्या अक्षरांत लिहिलेली आहे, तिला कर्ते आहेत, वाचक आहेत आणि बऱ्यापैकी लांब पाठपरंपरा आहे. समीक्षेला एवढे पुरते.

२

या फाइलचा पहिला विशेष असा, की ती कुठेही साठवलेली नसते. तिचा आकार विचारला तर उत्तर शून्य येते. कोणी ती वाचायला घेतली की कर्नेल त्या क्षणीचे आकडे गोळा करून ओळी लिहून देतो. यंत्राच्या आतील गोष्टी फाइलच्या रूपात दाखवण्याची ही कल्पना टॉम किलियन यांनी १९८४ च्या सुमारास युनिक्सच्या आठव्या आवृत्तीत, चालू प्रोग्रॅमांच्या बाबतीत, मांडली होती. लिनक्सने ती उचलली आणि मेमरीसारख्या इतर गोष्टींसाठीही वापरली.

फायदा उघड आहे. माणूसही वाचू शकतो आणि प्रोग्रॅमही. तोटाही त्यातच दडलेला आहे. माणूस वाचताना समजून घेतो. प्रोग्रॅमला ज्या जागी, ज्या नावाखाली आकडा शोधायला शिकवलेले असते तिथेच तो शोधतो. तो लिहिणारा कधीच नोकरी बदलून गेलेला असतो. कोणत्या दवाखान्यात, बँकेत, कारखान्यात तो प्रोग्रॅम चालू आहे हे कर्नेल लिहिणाऱ्यांना कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून या क्षेत्रात एक नियम जवळजवळ व्रतासारखा पाळला जातो: कर्नेल बदलल्यामुळे आधी नीट चालणारा प्रोग्रॅम बंद पडला, तर चूक कर्नेलची. लिनस तोरवाल्ड्स यांनी डिसेंबर २०१२ मध्ये एका सहकाऱ्याला हे चारचौघांत, बऱ्याच कठोर शब्दांत सुनावले होते. त्या भाषेचे समर्थन करण्याचे कारण नाही. नियम मात्र समजून घेण्यासारखा आहे, कारण त्याचा भर बदल न करण्यावर नाही. दुसऱ्याने तुमच्या शब्दावर विसंबून जे उभे केले त्याची जबाबदारी घेण्यावर आहे.

या फाइलची जुनी रूपे पाहिली तर एक पाठभेद लगेच नजरेत भरतो. २००१ मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीत सुरुवातीला एक तक्ता असे. वर रकान्यांची नावे आणि खाली बाइटमध्ये आकडे: एकूण, वापरलेली, मोकळी, सामाईक. त्याच्या खाली तीच माहिती पुन्हा, पण प्रत्येक ओळीला स्वतःचे नाव देऊन. मूळ संहितेत तिथे एक टीप होती. तिचा आशय असा, की खालची पद्धत शोधायला आणि वाढवायला सोपी आहे. सगळी साधने सुधारली की वरचा तक्ता जाईल. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ मध्ये तो गेलेला होता. म्हणजे जुना आणि नवा पाठ काही वर्षे एकाच पानावर शेजारी नांदले.

तक्त्यात आकड्याला अर्थ मिळतो तो त्याच्या जागेमुळे: तिसरा रकाना म्हणजे मोकळी. मध्येच एक रकाना घातला की पुढच्या सगळ्यांचे अर्थ सरकतात. नावाच्या ओळीत अर्थ नावाशी बांधलेला असतो, म्हणून नवी ओळ आली तरी जुनीला धक्का लागत नाही. फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाने हा फरक अनुभवलेला आहे. 'अनुक्रमांक ७ मध्ये लिहिल्याप्रमाणे' असे म्हटलेले असते आणि नव्या फॉर्ममध्ये सातव्या जागी काही भलतेच आलेले असते.

३

आता या फाइलमधला मुख्य प्रसंग. त्यासाठी धाराशिवहून तुळजापूरला निघालेली एसटी डोळ्यांसमोर आणावी. काही जागांवर माणसे बसली आहेत. काही अगदी रिकाम्या आहेत. आणि बऱ्याच जागांवर पिशव्या, गाठोडी ठेवली आहेत. जागा रिकामीच होती, मग सामान खाली कशाला ठेवायचे म्हणून ठेवलेली. प्रवासी आला की पिशवी उचलली जाते. कर्नेल मेमरीचा असाच वापर करतो. मोकळी मेमरी नुसती ठेवून उपयोग नाही, म्हणून एकदा वाचलेल्या फाइलींच्या प्रती तो तिथे ठेवून देतो. पुन्हा लागल्या तर डिस्कपर्यंत जावे लागत नाही. कोणी मेमरी मागितली की त्या प्रती टाकून देतो. 'मेमफ्री' ही ओळ फक्त अगदी रिकाम्या जागा मोजते. पिशव्यांच्या जागा 'कॅश्ड' या ओळीत येतात.

त्यामुळे काही काळ चाललेल्या कोणत्याही यंत्रात 'मेमफ्री' चा आकडा लहान दिसतो आणि नवशिक्या माणूस घाबरतो. खिडकीतून पाहणाऱ्याला पाचच जागा रिकाम्या दिसाव्यात आणि गाडी भरली म्हणून त्याने फाट्यावरच उभे राहावे, तसे हे आहे. जाणकारांनी यावर तोड काढली: 'मेमफ्री' आणि 'कॅश्ड' यांची बेरीज करायची. अनेक प्रोग्रॅमांत ही बेरीज कायमची लिहिली गेली. कोणत्या यंत्रावर किती काम टाकायचे हे ती बेरीज ठरवू लागली.

पुढे बेरीज चुकू लागली. 'कॅश्ड' मध्ये अशीही मेमरी मोजली जात होती जी सोडता येत नाही. अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती सामाईक मेमरी, किंवा मेमरीतच ठेवलेल्या तात्पुरत्या फाइली. पिशवी जागेवर आहे, पण तिचा धनी पाणी प्यायला खाली उतरला आहे. ती उचलता येणार नाही. उलट कर्नेलच्या स्वतःच्या कामाची काही मेमरी मागताच सुटण्यासारखी होती, पण ती 'कॅश्ड' मध्ये नव्हतीच. शिवाय काही जागा कर्नेल अडीअडचणीसाठी राखून ठेवतो. बेरीज जास्त आली, काम जास्त टाकले गेले आणि मेमरी खरोखरच संपली, तर कर्नेल कोणत्या तरी चालू प्रोग्रॅमचा बळी घेऊन उरलेल्यांना वाचवतो. चुकीच्या बेरजेची किंमत अशी वसूल होते. एखाद्याचे अर्धे झालेले काम तिथे बुडते.

यावर काय करता आले असते? सर्वांत सोपा मार्ग होता 'मेमफ्री' ची व्याख्या बदलण्याचा. लोकांना त्या नावाने जे अपेक्षित आहे तेच ती ओळ सांगू लागली असती. दुसरा मार्ग 'कॅश्ड' मधून न सुटणारा भाग वगळण्याचा. दोन्ही मार्गांनी फाइल वरवर तशीच राहिली असती, एकही ओळ वाढली नसती. आणि दोन्ही मार्गांनी जुन्या प्रोग्रॅमांत नकळत चूक शिरली असती, कारण त्यांनी आपल्या बेरजा जुन्या अर्थावर बेतल्या होत्या.

प्रत्यक्षात काय झाले? २००९ मध्ये 'शमेम' नावाची वेगळी ओळ आली. तिने सामाईक मेमरी किती ते सांगितले, 'कॅश्ड' ला हात लावला नाही. मग २०१४ मध्ये, ३.१४ या आवृत्तीत, रिक व्हॅन रील यांनी लिहिलेली 'मेमअव्हेलेबल' ही ओळ आली. नवे काम सुरू करायचे झाल्यास यंत्राला ओढाताण न होता साधारण किती मेमरी मिळू शकेल, याचा तो अंदाज आहे. गाडी न हलवता, कोणाला न उठवता आणखी किती जण बसतील, हे कंडक्टरने सांगावे तसा. बदलासोबतच्या टिपणात दिलेले कारण वाचण्यासारखे आहे: लोक जी बेरीज करतात ती दहा वर्षांपूर्वी ठीक होती, आज ती चुकणारच, आणि पुढे कर्नेलची रचना बदलली तर पुन्हा चुकेल, म्हणून अंदाज ज्याला आतले माहीत आहे त्यानेच करावा.

या ओळीचे मोठेपण तिच्या नम्रतेत आहे. तिने 'मेमफ्री' ला खोटे ठरवले नाही. 'मेमफ्री' आजही अगदी रिकाम्या जागाच सांगते आणि ते खरेच आहे. चूक त्या ओळीत नव्हती. तिच्याकडून भलत्या प्रश्नाचे उत्तर काढण्यात होती. नव्या प्रश्नाला नव्या नावाची ओळ मिळाली.

४

सातबारा ज्यांनी हाताळला आहे त्यांना ही पद्धत अनोळखी वाटणार नाही. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि बारा ही पिकांची नोंदवही. सातवर लागवडीयोग्य क्षेत्र वेगळे लिहितात, पोटखराब वेगळे. जमीन किती या प्रश्नाला एकच उत्तर नसते हे त्या नमुन्याला माहीत आहे: मालकीची किती, पिकवता येईल अशी किती, यंदा पेरलेली किती. २०२० मध्ये नमुना सुधारला गेला तेव्हा लागवडीयोग्य आणि पोटखराब मिळून एकूण क्षेत्र दाखवणारी नोंद आली आणि गावाच्या नावाशेजारी गावाचा संकेतांकही आला. जुन्या दोन्ही नोंदी होत्या तिथेच राहिल्या.

त्याहून महत्त्वाची पद्धत कंसाची. एखाद्याचा हक्क संपला तर तलाठी ते नाव खरडून काढत नाही. नावाला कंस करतो आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितो. तो क्रमांक घेऊन फेरफार नोंदवहीत गेले की कोणाच्या अर्जावरून, कोणत्या दस्तावरून, केव्हा बदल झाला ते सापडते. लिनक्सची सर्व संहिता २००५ पासून ज्या 'गिट' नावाच्या साधनात ठेवली जाते, ते माझ्या मते फेरफाराच्या वहीचेच दूरचे भावंड आहे. प्रत्येक बदलाला क्रमांक, कर्त्याचे नाव, तारीख आणि कारण. वर 'मेमअव्हेलेबल' मागचे कारण सांगता आले ते त्यामुळेच.

मापाच्या बाबतीत दोन्हीकडे सारखीच गफलत आहे, आणि ती गंमतीची आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. बोलण्यात एकर-गुंठे असतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७. फरक इतका थोडा, की गावात 'आर' आणि 'गुंठा' सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण ५ एकर, म्हणजे २०० गुंठे, हे २ हेक्टर २.३४ आर होतात. गुंठ्यालाच आर समजले तर सुमारे २३४ चौरस मीटर हवेत विरतात. बांधावरून भांडण व्हायला तेवढे खूप झाले. 'मेमइन्फो' मध्ये प्रत्येक आकड्यापुढे 'केबी' लिहिलेले असते. मापनशास्त्राप्रमाणे किलो म्हणजे १०००. या फाइलमध्ये मात्र एक 'केबी' म्हणजे १०२४ बाइट. अशा १०२४ च्या मापासाठी 'किबी' हा वेगळा शब्द १९९८ मध्ये ठरवला गेला, तरी फाइलने आपली खूण बदलली नाही, कारण 'केबी' ही अक्षरे शोधणारे प्रोग्रॅम असंख्य आहेत. फरक २.४ टक्क्यांचा. आकडा बरोबर, त्यावरची चिठ्ठी चुकीची, आणि चूक सर्वांना ठाऊक असल्याने ती चालते. अशी सोय नवख्याच्या खर्चाने चालते, हे मात्र नोंदवायला हवे.

५

इथपर्यंत कौतुक झाले. आता या फाइलचा माझ्या मते सर्वांत मोठा दोष.

ओळ नाव धरून शोधली जाते, म्हणून एखादी ओळ काढून टाकली तर तिला शोधणारा प्रोग्रॅम अडतो. यावर कर्नेलकर्त्यांनी शोधलेला उपाय असा: मोजण्यासारखे काही उरले नसले तरी ओळ ठेवायची आणि तिच्यापुढे शून्य लिहायचे. 'एनएफएस अनस्टेबल' ही ओळ दुसऱ्या यंत्राकडे पाठवलेल्या, पण तिथे अजून पक्क्या न झालेल्या मजकुराची मेमरी मोजत असे. २०२० मध्ये ती मोजणी बंद झाली. ओळ राहिली, कायम शून्य दाखवत. प्रत्येक प्रोग्रॅमची मेमरी सांगणाऱ्या 'स्टॅटएम' या शेजारच्या फाइलमध्ये सात आकडे असतात. त्यातले दोन २.६ आवृत्तीपासून शून्यच आहेत. तिथे ओळींना नावे नाहीत, सगळा कारभार जागेवर चालतो, म्हणून ते काढताही येत नाहीत.

सर्वांत बोलका प्रसंग 'व्हीमॅलॉक यूज्ड' या ओळीचा. तिचा आकडा काढायला कर्नेलला बरीच धावपळ करावी लागे. कित्येक प्रोग्रॅम ज्या मूलभूत ग्रंथालयावर चालतात त्याच्या काही आवृत्त्या सुरू होतानाच 'मेमइन्फो' उघडत, तेही फक्त एकूण मेमरी किती ते पाहायला. एका आकड्यासाठी सगळा हिशेब नव्याने मांडला जाई. म्हणून ४.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ च्या आरंभापासून, ही मोजणी काढून टाकली गेली आणि ओळीपुढे शून्य येऊ लागले. २०१९ मध्ये, ५.३ आवृत्तीत, कमी कष्टात मोजण्याची रीत सापडली आणि खरा आकडा परत आला.

आता त्या साडेतीन वर्षांतील एखाद्या यंत्राची नोंद पुढे कोणी अभ्यासायला घेतली तर काय दिसेल? वापर होता, एकाएकी शून्य झाला, मग एकाएकी पुन्हा सुरू झाला. प्रत्यक्षात यंत्रात काहीच घडले नव्हते. फक्त मोजणारा गप्प बसला होता. गप्प बसणे आणि 'काही नाही' म्हणणे यांतला फरक त्या शून्याने पुसून टाकला.

सरकारी मराठीला या फरकाची जाण आहे. तिची आपण एरवी बरीच थट्टा करतो, पण इथे तिच्याकडून शिकावे. मासिक अहवालात एखाद्या रकान्यात 'निरंक' लिहिलेले असते. याचा अर्थ मोजले, आणि काही आढळले नाही. 'लागू नाही' याचा अर्थ हा प्रश्न या गावाला विचारण्यासारखाच नाही. 'माहिती अप्राप्त' याचा अर्थ असेलही, पण आमच्यापर्यंत आलेली नाही. आणि नुसती आडवी रेघ म्हणजे बहुधा कारकुनाचा कंटाळा. चार वेगळ्या अवस्थांना चार वेगळ्या खुणा आहेत. 'मेमइन्फो' मध्ये सर्वांना मिळून एकच खूण आहे: शून्य. 'एनएफएस अनस्टेबल' चे शून्य 'लागू नाही' या जातीचे, 'व्हीमॅलॉक यूज्ड' चे त्या काळातले शून्य 'माहिती अप्राप्त' या जातीचे, आणि स्वॅपचा वापर नसलेल्या यंत्रातले स्वॅपचे शून्य खरे निरंक. वाचणाऱ्याला तिन्ही सारखीच दिसतात.

याचे समर्थन असे केले जाते, की आकड्याच्या जागी अक्षरे आली तर जुने प्रोग्रॅम कोलमडतील; आणि या शून्यांचा अर्थ कर्नेलच्या माहितीपुस्तिकेत दिलेला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण पुस्तिका एका जागी आणि आकडा दुसऱ्या जागी असेल तर आकडा एकटाच प्रवास करतो. तो अहवालात जातो, आलेखात जातो, निर्णयात जातो. पुस्तिका मागे राहते. सुसंगतीसाठी शून्य ठेवावेच लागत असेल, तर 'या ओळी आता मोजल्या जात नाहीत' असे त्याच फाइलमध्ये, स्वतःच्या नावाच्या वेगळ्या ओळीने सांगता आले असते. नवी ओळ घातल्याने कोणी पडत नाही, हे तर या फाइलनेच 'मेमअव्हेलेबल' च्या वेळी दाखवून दिले आहे.

६

शून्याचा हा दोष मनात ठेवून पुन्हा धाराशिवकडे येऊ. जिल्ह्याच्या नोंदीत नामांतराहून मोठा खड्डा १९८२ मध्ये पडलेला आहे आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. १९८१ च्या जनगणनेतील 'उस्मानाबाद' मध्ये लातूर आहे. १९९१ च्या 'उस्मानाबाद' मध्ये नाही. नाव तेच, अक्षरे तीच, अर्थ बदललेला. दोन तक्ते शेजारी ठेवणाऱ्याला जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत कोसळलेली दिसेल आणि तो दुष्काळ, स्थलांतर अशी कारणे शोधू लागेल. जनगणना खाते मागील दशकांचे आकडे नव्या हद्दींनुसार पुन्हा मांडून देते, तेव्हा ही चूक टळते. पण त्यासाठी तो दुसरा तक्ता उघडावा लागतो. २००१ मधील १४,८६,५८६ आणि २०११ मधील १६,५७,५७६ हे आकडे निर्धास्तपणे तुलनेला घेता येतात, कारण मध्ये नाव बदलले नाही एवढेच नव्हे, तर जिल्ह्याच्या हद्दीत तसा बदल झाला नाही म्हणून.

२०२३ चे नामांतर याच्या अगदी उलट जातीचे आहे. नाव बदलले, अर्थ तोच राहिला. अशा बदलात गोंधळ उडतो, पण तो उघड असतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ उस्मानाबाद होते, ऑनलाइन अर्जाच्या यादीत फक्त धाराशिव होते, आणि दोन्ही एकच असल्याचे पटवण्यासाठी तिला दोन चकरा माराव्या लागल्या. त्रास झाला, पण चूक समोर दिसत होती म्हणून निस्तरता आली. १९८२ च्या जातीची चूक समोर दिसतच नाही. कोणतेही यंत्र, कोणताही कारकून तिथे अडत नाही, आणि म्हणून ती अधिक धोकादायक आहे. कर्नेलकर्त्यांनी 'मेमफ्री' चा अर्थ बदलण्याचा सोपा मार्ग टाळला त्याचे मोल इथे कळते.

नाव बदलले तरी काही खुणा न बदलता मागे उभ्या राहतात आणि पुलाचे काम करतात. गाड्यांच्या पाट्यांवरचा एमएच-२५ तोच आहे. शहराचा पिनकोड ४१३५०१ तोच आहे. रेल्वेने २०२५ मध्ये स्थानकाचे नाव बदलले तेव्हा 'यूएमडी' हा संकेतही 'डीआरएसव्ही' असा बदलला. तिथे जुन्या-नव्याचा सांधा पूर्णपणे रेल्वेच्या आतील तक्त्यांवर सोपवला गेला. शेळ्यांच्या बाजारात काय होते तेही पाहण्यासारखे आहे. उस्मानाबादी शेळी ही जातीची नोंदलेली ओळख आहे. पशुवैद्यकाच्या पुस्तकात, खरेदीदाराच्या तोंडी ते नाव कायम आहे. तिथे तो शब्द गावाचे नाव राहिलेला नाही, एका जातीचे नाव झाला आहे. लिनक्सच्या इतिहासात याचा जोडीदार आहे. २०११ मध्ये २.६ मालिकेनंतर थेट ३.० आवृत्ती आली, तेव्हा क्रमांकाची सुरुवात '२.६' नेच होणार असे धरून बसलेले काही प्रोग्रॅम गोंधळले. त्यांच्यापुरता कर्नेल आपला क्रमांक २.६.४० च्या पुढचा असल्याचे सांगेल, अशी सोय करावी लागली. जुने नाव ज्याला लागते त्याला ते ऐकू येते, बाकीच्यांना नवे.

मात्र साम्य इथेच थांबवले पाहिजे. कर्नेलमधील ओळीच्या नावाने कोणाचा अपमान होत नाही, कोणाचा अभिमान जागा होत नाही. गावाच्या नावाने होतो. गावाला आपले नाव ठरवण्याचा हक्क आहे, आणि जुने प्रोग्रॅम अडतील एवढ्या कारणाने तो नाकारता येत नाही. यंत्राचा नियम गावाला लावता येतो तो नोंदीपुरता: बदल करा, पण आधीच्या शब्दावर विसंबून ज्यांनी कागद केले त्यांना वाऱ्यावर सोडू नका.

हे कागद किती लांबचा प्रवास करतात हे मराठवाड्याइतके क्वचितच कोणी अनुभवले असेल. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे उघडायला घेतली. उर्दूत, मोडीत लिहिलेली ती पाने. लिहिणाऱ्या कारकुनाने एका रकान्यात एक शब्द लिहिला तेव्हा तो महसुलाच्या किंवा खानेसुमारीच्या कामापुरता होता. पुढे कोणी त्या शब्दावरून शिक्षणाचा, नोकरीचा हक्क मागेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते. त्या मागणीबद्दल मते काहीही असोत, तिने एक गोष्ट सिद्ध केली: नोंद ज्या प्रश्नासाठी केली जाते त्या प्रश्नापुरती ती राहत नाही. आणि अशा दप्तरात जिथे रकाना कोरा आहे, तिथे 'नव्हते' समजायचे की 'विचारले नाही', हा प्रश्न माणसांच्या आयुष्याचा होऊन बसतो. 'मेमइन्फो' मधील शून्यावर मी इतका वेळ घेतला तो यासाठी.

७

जुन्या ओळी सांभाळण्याचे ओझे असते, हेही मान्य केले पाहिजे. प्रत्येक नव्या वाचकाला मेलेल्या ओळी ओलांडून जावे लागते. 'मेमइन्फो' मध्ये आज पन्नासच्या आसपास ओळी भरतात आणि त्यातल्या किती कामाच्या, हे सांगणारे त्या पानावर काहीच नाही. 'मेमअव्हेलेबल' मध्येच, तिसऱ्या जागी घातली गेली; नाव न वाचता ओळी मोजत जाणाऱ्याला तिथे ठेच लागणारच होती. करार नावाशी आहे, जागेशी नाही, हे तेव्हा पक्के झाले, पण त्याआधी ते कोणी सर्वांना ठणकावून सांगितले होते असे दिसत नाही. त्रुटी आहेत. तरी सार्वजनिक नोंद कशी वाढवावी याचा इतका प्रामाणिक आणि सर्वांसमोर चाललेला सराव मला दुसरीकडे क्वचितच दिसला.

संमेलनांच्या सूचीत शेवटी मी असे लिहिले: '९३ वे, उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव), जानेवारी २०२०'. त्या दिवशी जे नाव होते तेच नाव त्या जागी, आणि बदल झाला केव्हा ते कंसात. शिवाय सूचीच्या शेवटी गावांच्या नावांचा एक वेगळा तक्ता जोडला, जुने नाव, नवे नाव, वर्ष. ज्या वर्षांसाठी अध्यक्षीय भाषणाची मुद्रित प्रत मला मिळाली नाही, त्या रकान्यांत आधी रेघा मारल्या होत्या. त्या पुसून तिथे 'पाहिली नाही' असे लिहिले.